मोहोर अडवणारे संप्रेरक

देवगडच्या कातळावर श्रावणसरी कोसळत असताना हापूसच्या बागेत पुढच्या मोहोराची तयारी सुरू झालेली असते, हे मे महिन्यात पेटी उघडणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. कलमाच्या बुंध्याभोवती पहारीने गोलाकार भोके पाडून त्यांत पाण्यात कालवलेले पॅक्लोब्युट्राझॉल ओतले जाते. बागायतदार त्याला सरसकट ‘कल्टार’ म्हणतात. हे खत नव्हे, आणि त्याला मोहोर आणणारे औषध म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. झाडात तयार होणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती ते रोखते. जिबरेलिन भरपूर असले की पेशी लांबत जातात, पालवीमागून पालवी फुटते आणि फांदीचे टोक मोहोराकडे वळतच नाही. ते कमी झाले की वाढ थबकते, काडी जून होते आणि पुढे थंडी पडताच त्याच टोकातून मोहोर बाहेर पडतो. मात्रा जास्त झाली, तर मात्र पालवी आणि मोहोर दोन्ही आखूड, गुच्छासारखे राहतात.

या संप्रेरकाचा शोध लागला तो भातामुळे. जपानमधील खाचरांत काही रोपे भराभर उंच होत, फिकी पडत आणि दाणा न भरताच कोलमडत. शेतकरी त्यांना ‘बाकानाए’, म्हणजे ‘मूर्ख रोप’, म्हणत. रोगकारक बुरशी गाळून काढलेल्या द्रवानेही निरोगी रोपे तशीच लांबतात, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले आणि 1935 मध्ये तेइजिरो याबुता यांनी बुरशीच्या ‘जिबरेला’ या नावावरून त्या द्रव्याला नाव दिले.

गंमत अशी, की पावसाळ्यात अडवलेले हेच संप्रेरक हिवाळ्यात बागायतदार विकत आणून फवारतो. फळे वाटाण्याएवढी झालेली असताना थंडी पुन्हा वाढली, तर त्याच काडीवर पुनर्मोहोर येतो, अन्नरस नव्या फुलांकडे वळतो आणि धरलेली फळे गळतात. मोहोर अडवण्याचा जिबरेलिनचा गुण इथे उपयोगी पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस 50 पीपीएमची, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅमची आहे. ही पूड पाण्यात सहज विरघळत नसल्याने आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते.

काढणीनंतरचे काम इथिलीनचे. भाताच्या पेंढ्यात आढी घातली की फळांतून निघणारा हा वायू तिथेच कोंडला जातो आणि एका आंब्यामागून शेजारचा आंबा पिकू लागतो. खोलीभर पसरणारा घमघमाट मात्र इथिलीनचा नव्हे, तो हापूसचाच.