धरलेली पकड सुटते कशी

सकाळचे आठ, बडोदा, दांडिया बाजार. हे जुम्मादादा व्यायाम मंदिर, १८८० पासूनचा आखाडा, आणि तो बघा मल्लखांबावर उलटा लटकलेला पोरगा, अकरा-बारा वर्षांचा असेल. खांबाला एरंडेल चोपडलंय तरी हात सोडत नाहीये. आता कोपराच्या खाली बघा, थरथरतोय ना? स्नायूचे तंतू तुकड्या करून पाळीपाळीने ओढत असतात, दमले की ताळमेळ बिघडतो आणि हात लटपटतो.

स्नायू तीन जातींचे. हातातला हा अस्थिस्नायू, कंडरेने, म्हणजे चिवट दोरीसारख्या पट्टीने, हाडाला बांधलेला, आपण म्हणू तसा चालणारा. मायक्रोस्कोपखाली ह्याच्यावर आडवे पट्टे दिसतात, पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यासारखे. एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, तिच्यात केंद्रकं ढीगभर पण सगळी कडेला लोटलेली, कारण मधे जागाच नाही, तिथे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ह्या प्रथिनांचे धागे ठासून भरलेत. मेंदूचा निरोप आला की आत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून खेचतं. धागे स्वतः आखूड होत नाहीत बरं का, एकमेकांत सरकतात, शाळेत हे आम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे सोडायलाही एनर्जी लागते! एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, येऊन चिकटल्याशिवाय मायोसिन पकड सोडतच नाही, म्हणून तर माणूस गेल्यावर ते संपतं आणि काही तासांत शरीर ताठ होतं.

छाती धडधडतेय तो हृदयाचा, वेगळा स्नायू. पट्टे ह्यालाही आहेत, पण पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि एकमेकींना अशा जोडलेल्या की करंट एकीतून दुसरीत पळतो. दिवसाला साधारण १ लाख ठोके, सुट्टी नाही.

तिसरा अरेखित. पट्टे नाहीत, पेशी चातीसारखी, मधे फुगीर, टोकं निमुळती, केंद्रक एकच. आतड्यात, रक्तवाहिन्यांत, डोळ्याच्या बाहुलीभोवती हाच, हळू चालतो पण लवकर दमत नाही. थंडी आहे, पोराच्या दंडावर काटा आलाय बघा, तिथेही केसाच्या मुळाशी ह्याच जातीचा इवलासा स्नायू.

उतरला एकदाचा.

“सेवउसळ खाऊन आलास ना रे?” काका विचारतायत.

“नाही काका.”

पोटातली गुरगुर आमच्या माइकमध्येसुद्धा आलीये.