दोन महिन्यांची रात्र आणि कॅरम

(दृश्य: कुलाबा, संध्याकाळची गर्दी, बेस्टची बस)

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जायचं. पुढे मुंबईची ट्राम विजेवर धावणार असं ठरलं. विजेमुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये यंत्रं अलिबागला गेली. त्याच परंपरेतली पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आज अंटार्क्टिकावरच्या 'मैत्री' केंद्रातूनही या नोंदी घेते. तिथे ट्राम नाही, काहीच नाही. मग ड्यूटी संपली की माणसानं करायचं काय?

(दृश्य: बर्फातलं केंद्र, अंधार)

तिथला उन्हाळा सरला की जहाज परत फिरतं. मागे उरतात पंचवीसेक जण: शास्त्रज्ञ, डॉक्टर, आचारी, जनरेटर सांभाळणारे. मेअखेरीपासून जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. बाहेर हिमवादळ असेल, तर फेरफटकाही बंद.

अशा वेळी कॅरम, टेबल टेनिस, व्यायामशाळा, सिनेमे. ऐकायला साधंच वाटतं. पण कॅरमवरून रुसवेफुगवे झाले, तर चाळीत दुसऱ्या बिऱ्हाडात जाऊन बसता येतं. इथे रात्री जेवायला त्याच टेबलावर यायचं असतं. म्हणून पानावर न येणारा, खोलीतच लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस दिसला, की डॉक्टरचे कान टवकारतात. आम्ही मुंबईकर ज्या एकांतासाठी तडफडतो, तो तिथे धोक्याची खूण मानला जातो.

त्यामुळे करमणूकही ठरवून करावी लागते. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या ब्रिटिश शोधक शॅकल्टनच्या माणसांनी तर छापखानाच नेला होता. १९०८ च्या हिवाळ्यात त्यांनी पुस्तक छापलं आणि सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांचे पुठ्ठे करून बांधलं! आजकालची केंद्रं आपसांत लघुपट स्पर्धा भरवतात. सिनेमात यायलाच हव्यात अशा काही वस्तू, एखादं वाक्य आधी ठरवून देतात आणि अठ्ठेचाळीस तासांत सिनेमा तयार. नट तेच, प्रेक्षकही तेच.

(दृश्य: सजवलेलं टेबल, हसणारे चेहरे)

२१ जून हा तिथला मोठा सण. रात्र निम्मी संपली! देशोदेशींची केंद्रं एकमेकांना शुभेच्छापत्रं धाडतात, पंगत बसते. त्या दिवशी सगळ्यात भाव खाऊन जातो तो आचारी. ताजी भाजी संपून कित्येक आठवडे झालेले असतात, आणि तरीही फर्माईश येते ती घरच्याच पदार्थांची.