मोशेचा ताळेबंद आणि दाराबाहेर उभा सावकार

(ठाण्यातल्या एका वाचनालयात एप्रिल महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक घोटाळा दूर करते. मराठीत तोरा म्हटलं की नाकाचा वर गेलेला शेंडा डोळ्यासमोर येतो. शाळेतली माझी एक मैत्रीण मला विचारायची, "तुम्ही दर शनिवारी सगळे मिळून तोरा करता म्हणजे नक्की काय करता गं?" हिब्रूत, म्हणजे आम्हा ज्यूंच्या धर्मभाषेत, तोरा म्हणजे शिकवण. मोशे म्हणजे इस्राएल लोकांना मिसरमधून बाहेर काढणारा पुढारी. त्याची पाच पुस्तकं, चामड्यावर हातानं लिहिलेली, एका लांबलचक गुंडाळीवर. त्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, विरामचिन्हं नसतात. वाचणाऱ्याची एक मात्रा चुकली आणि अर्थ बदलला, तर ऐकणाऱ्यांतून कुणीतरी मोठ्यानं दुरुस्त करतं आणि त्याला तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. भर सभेत. यावर रागवायची सोय नाही. मला तर वाटतं, वाचनातला निम्मा धडा इथेच होतो.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी. अलिबागकडे आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या घाण्यावाल्यांकडे शनिवार होता, 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना होती, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते. तोराचं वाचन मात्र पिढ्यान् पिढ्या नव्हतं. हिब्रू विसरली गेली होती. पुढे कोचीनहून शिकवणारे आले, मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, उभं राहिलं. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. त्याचा हेतू वेगळा होता, फायदा आम्ही आमच्या पद्धतीनं करून घेतला. १८७९ साली आपल्या टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग झालं. तिथे बायकांच्या जागेवर बसून मी ही वाचनं ऐकत आले.

तोराचे ५४ भाग केलेत. प्रत्येकाला पाराशा म्हणतात. आठवड्याला एक, क्वचित दोन जोडून, असं वर्षात पारायण पुरं होतं. शेवटच्या ओळी वाचून संपल्या की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. शनिवारखेरीज सोमवारी आणि गुरुवारीही पुढच्या पाराशाचा थोडा भाग वाचतात. सोमवार-गुरुवारच का? जुन्या काळी खेड्यांतले लोक या दोन दिवशी शहरगावी यायचे. बाजार असायचा, न्यायालय बसायचं. म्हणजे आठवडी बाजाराला आलेल्या माणसाच्या कानावर चार ओळी पडाव्यात, हा हिशेब. तीन दिवस पाण्यावाचून राहू नये तसं तीन दिवस तोरावाचूनही राहू नये, असं त्याचं कारण तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, सांगतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी बाब म्हणजे निवड आपल्या हातात नाही. आज मन उदास आहे, काहीतरी उमेद देणारं वाचू या, असं चालत नाही. आला शनिवार, आला पाराशा. ठाण्यात जो, तोच इस्राएलमधल्या अश्दोदला. (सणांच्या दिवसांत थोडा फरक असल्यानं कधीकधी इस्राएलमधलं वाचन आमच्या पुढे जातं, ते सोडा.)

'तोरातून जगण्यासाठी काय मिळतं' असं कुणी विचारलं की बोलणारे लगेच गोष्टींकडे वळतात. योसेफ आणि त्याचे भाऊ, दुभंगलेला समुद्र. आमच्या लोकांनी १८८०च्या सुमारास मराठीत कीर्तनं करायला घेतली तीही अब्राहामसारख्यांच्या आख्यानांवर. साहजिक आहे. माझा अनुभव मात्र उलटा आहे. मला ज्यांनी धरून ठेवलं ते कंटाळवाणे शनिवार. ज्यांवर कुणी कीर्तन उभं करणार नाही, कारण झांज वाजवायला जागाच नाही.

उदाहरणार्थ पेकुदे. नावाचाच अर्थ हिशेब. निर्गम या तोरातल्या दुसऱ्या पुस्तकातला हा शेवटचा पाराशा बहुधा मार्चमध्ये येतो. मी ३४ वर्षं बँकेत होते, त्यामुळे मार्चअखेरीला सिनेगॉगमध्ये बसूनही ताळेबंदच ऐकायचा, हे माझं नशीब. रानात उपासनेचा मंडप उभारून झाला आहे आणि मोशे खर्च मांडतो आहे. किक्कार आणि शेकेल ही तेव्हाची वजनं. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल. मग चांदी. माणशी अर्धा शेकेल, माणसं ६,०३,५५०. करा गुणाकार. ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलांचा एक किक्कार, म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या ओतल्या, खांब बसवायला. आणि वरच्या १,७७५ शेकेलांच्या आकड्या, खांबांच्या माथ्यांचा मुलामा, पट्ट्या. बेरीज बरोबर जुळते. पहिल्यांदा मी हे कागदावर ताडून पाहिलं तेव्हा शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, नव्हता, घरी होते, लिहायला हरकत नव्हती. शब्बाथला लिहायचं नसतं.

यावर एक जुनी कथा आहे, ती ऐकताना मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवते. मोशे चालला की मागून लोक कुजबुजायचे. बघा, अम्रामच्या पोराची, म्हणजे मोशेची, मान कशी गुबगुबीत झाली आहे! दुसरा म्हणायचा, एवढ्या कामाचा पैसा ज्याच्या हातात, तो श्रीमंत नाही होणार तर काय? हे कानावर गेलं तेव्हा मोशे म्हणाला, काम संपू दे, पै-पैचा हिशेब देतो. दिलाही. पण देता देता ते १,७७५ शेकेल काही केल्या आठवेनात. बसला डोकं धरून. शेवटी नजर वर गेली आणि खांबांवरच्या आकड्या दिसल्या.

ज्यानं कधी खजिनदारकी केली आहे त्याला या प्रसंगाची फोड करून सांगावी लागत नाही. पैसा खाल्लेला नसतो, फक्त व्हाउचर सापडत नसतं, आणि त्या दहा मिनिटांत घाम फुटतो. हिशेब मागितला म्हणून मोशे राजीनामा फेकत नाही, "माझ्यावर संशय?" म्हणत नाही. संशय लोकांनी घेतला, आणि हिशेब देणं त्यानं आपलं काम मानलं. माझ्यातल्या जुन्या तपासनिसाला एक गोष्ट खटकते, तीही सांगते. चांदी आणि तांबं कुठे कुठे वापरलं ते तिथे दिलं आहे. सोन्याची नुसती बेरीज आहे. मी शेरा मारला असता.

पुढे यरुशलेमच्या मंदिरात खजिन्याच्या खोलीत पैसे काढायला जाणाऱ्याला नियम होता. दुमड असलेलं वस्त्र नको, पायात जोडे नकोत, अंगावर ताईत नको. पैसा लपवता येईल अशी जागाच नको. कारण मिशनेत, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, दिलं आहे ते असं: हा उद्या गरीब झाला तर लोक म्हणतील खजिन्यात हात मारल्याचं पाप भोवलं, आणि श्रीमंत झाला तर म्हणतील खजिन्यातूनच झाला. लोक दोन्हीकडून बोलणार, हे गृहीत धरून नियम केला आहे. इतका व्यवहारी धर्मग्रंथ बघून मला हसू येतं, पण बरंही वाटतं.

आता दुसरा शनिवार. श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला 'की तेत्से' येतो. हा म्हणजे नियमांचं पोतं उपडं केल्यासारखा. एकाखाली एक ७४ आज्ञा मोजतात. नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल. सापडलेली वस्तू दिसलीच नाही असं करू नको. मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. आणि त्यातच उसनवारीचे दोन नियम आहेत, त्यांवर मी थांबते.

पहिला. जातं गहाण घेऊ नको, जात्याचा वरचा दगडसुद्धा घेऊ नको, कारण तसं करणं म्हणजे जीवच गहाण घेणं आहे. नुसता वरचा दगड नेला तरी खालच्याचा उपयोग काय? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८च्या, कलम ६० आहे. जप्तीतून काय वगळायचं त्याची यादी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं. बँकेत असताना हे कलम मला पाठ होतं. ते जात्याच्या दगडाचं भावंड आहे हे एका शनिवारी ऐकता ऐकता लक्षात आलं.

दुसरा नियम त्याहून बारीक आहे. कर्ज दिलंस, तारण आणायला गेलास, तर त्याच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा. तो स्वतः आणून देईल.

वसुलीला मीही गेले आहे. एकदा एका शिंपीकाम करणाऱ्याच्या घरी आमचे साहेब बुटांसकट थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले. टीव्ही कितीचा, फ्रीज कधी घेतला, अशी सरबत्ती. त्या माणसाची बायको शिलाई मशीनला पाठ लावून उभी होती, जणू आम्ही ते उचलूनच नेणार होतो. काहीही नेलं नाही, कायद्यानं नेताही आलं नसतं. तिचा चेहरा मात्र माझ्या डोळ्यासमोरून गेला नाही. पैसे बुडवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. कर्ज फेडायलाच हवं, तोराही कर्ज माफ कर असं तिथे म्हणत नाही. इतकंच म्हणते की दार त्याचं आहे. त्यानंतर मी जिथे जिथे गेले, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सहकारी म्हणायचे, बाई फार सोवळ्या. मी कधी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'तोरा दाखवते' म्हणाले असते.

वेळ होत आला. येत्या शनिवारी तझ्रिया आणि मेत्सोरा हे दोन भाग जोडून आहेत. अंगावरचे चट्टे, कपड्यावरचे डाग, घराच्या भिंतीवरचे डाग. वर्षातला सगळ्यात नावडता पाराशा म्हणा ना. बार मित्स्वाची, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलानं पहिल्यांदा तोरा वाचायच्या सोहळ्याची, तारीख यात आली की पोरगा बिचारा चट्टे वाचतो. पण भिंतीवर हिरवट-तांबूस पट्टे उमटले की काय करायचं, हे ठाण्याच्या पावसाळ्यात राहणाऱ्यानं ऐकावं असं आहे. घरमालकानं याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, जाऊन "डाग पडला" म्हणायचं नाही. "डागासारखं काहीतरी दिसतंय" एवढंच म्हणायचं, मग तो कितीही शिकलेला असो. याजक बघायला येतो. पण तो आत पाऊल टाकायच्या आधी घर रिकामं करायला सांगतो. कारण त्यानं एकदा घर अशुद्ध ठरवलं की आतली प्रत्येक वस्तू अशुद्ध. म्हणून आधी सगळं बाहेर. मिशना विचारते, एवढी काळजी कशाची? धातूची भांडी तर पाण्यात बुडवून शुद्ध होतात. मग वाचवायचं काय? मातीची मडकी. ती शुद्ध होत नाहीत, फोडावीच लागतात.

अंगणात मडकी मांडून होईपर्यंत याजक बाहेर थांबतो.