तिसरी नळी

(दृश्य: धावत्या मोटारीच्या काचेतून दिसणारा महामार्ग)

मे २०२४. शिर्डीहून एक माणूस मोटारीने इंदूरला निघाला. अंतर साधारण ४०० किलोमीटर. तिथे तिशीतली एक बाई अत्यवस्थ होती. दोघांची ना ओळख ना पाळख. याच्या अंगातलं रक्त तिला चालणार होतं, एवढंच त्यांचं नातं.

त्याआधी एका शस्त्रक्रियेच्या वेळी तिला चुकून ओ पॉझिटिव्ह रक्त चढवलं गेलं होतं. तिथून तिची प्रकृती ढासळत गेली.

ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, असं आपण शाळेत शिकलो. मग तेच रक्त हिच्या जिवावर का उठलं? या प्रश्नाचं उत्तर मुंबईत, परळला सापडलं होतं. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली.

(दृश्य: काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब)

रक्तगट तपासताना काय करतात ते आधी पाहू. रक्ताचे तीन थेंब घेतात आणि प्रत्येकात एक वेगळं द्रव टाकतात. निळं द्रव अँटी-ए. पिवळं अँटी-बी. तिसरं, रंग नसलेलं, अँटी-डी. त्यावरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरतं. ज्या थेंबात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून कणीदार होतात, तो गट. निळ्यातही काही नाही, पिवळ्यातही काही नाही, की कागदावर लिहितात, ओ.

म्हणजे ओ हा गट ‘काही दिसलं नाही’ यावरून ठरतो. आणि न दिसण्याची कारणं दोन असू शकतात.

(दृश्य: परळ, केईएम रुग्णालयाची जुनी दगडी इमारत)

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध छापून आला. पहिलं नाव डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि रक्तगटांवर काम करणारे लंडनचे संशोधक. मुंबईत त्यांना अशी माणसं आढळली होती, ज्यांच्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता, पण त्यांना ओ म्हणावं तर ओ गटाचं रक्तही जुळत नव्हतं. त्यांचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, ए, बी, ओ अशा सगळ्याच पेशींना गोळा करत होतं. या गटाला पुढे नाव पडलं बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, रक्तगटाचं मात्र बॉम्बेच राहिलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तेच आहे, आणि त्याच्याशी भेंडे हे मराठी नाव जोडलेलं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

(दृश्य: तांबड्या पेशीचं रेखाचित्र, पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या)

तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली गेली की एच प्रतिजन, म्हणजे पेशीवरची एच ही खूण, तयार होतो. त्यावर आणखी एक ठरावीक साखर चढली तर ए, दुसरी चढली तर बी. दोन्ही नसतील तर नुसता एच उरतो, आणि तोच आपला ओ.

एच म्हणजे घराचं जोतं म्हणा. त्यावर ए किंवा बीच्या भिंती उभ्या राहतात. ओ गटात नुसतं जोतं असतं. बॉम्बे गटाच्या माणसात जोतंच नसतं. त्याच्या जनुकांत ए किंवा बी बांधायचं सामान असलं, तरी भिंत उभी करायची कशावर?

आता प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींना चिकटणारी रक्तातली प्रथिनं. जे आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शरीर लहानपणापासूनच तयार करतं. ए गटाच्या माणसात बी-विरोधी, ओ गटाच्या माणसात ए आणि बी दोन्हींच्या विरोधी. बॉम्बे गटात या दोन्ही असतातच, वर एच-विरोधीही असतात. आणि एच सर्वांत जास्त असतो तो ओच्या पेशींवर. ज्या रक्ताला आपण सर्वदाता म्हणतो, ते या माणसाला सुरक्षित तर नाहीच, उलट त्याच्या प्रतिपिंडांना तिथे सर्वांत जास्त एच सापडतो. अंगाच्या तापमानालाही ही प्रतिपिंडं पुरेशी जोरकस असतात. दिलेल्या पेशी शिरेतच फुटतात. हुडहुडी, ताप, कमरेत कळा, काळपट लाल लघवी, मग मूत्रपिंडं निकामी.

(दृश्य: स्टँडमध्ये उभ्या तीन नळ्या, कॅमेरा तिसरीवर स्थिरावतो)

हे टाळणारी तपासणी साधी आहे. काचपट्टीवर पेशी तपासल्या, आता सिरम तपासायचं. याला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. माणसाचं सिरम तीन नळ्यांत घ्यायचं. पहिलीत माहितीतल्या ए पेशी टाकायच्या, दुसरीत बी, तिसरीत ओ. खऱ्या ओ गटाच्या माणसाची तिसरी नळी शांत राहते. बॉम्बेवाल्याची तिसऱ्या नळीतही गोळा होते. मग एच-विरोधी द्रव वापरून खात्री करतात. ते यूलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांपासून काढतात. त्या द्रवाने ओ पेशी गोळा होतात, बॉम्बेच्या होत नाहीत.

घाईत, गर्दीत, एखाद्या शिबिरात नुसत्या काचपट्टीवर गट लिहून देतात, तेव्हा राहून जाते ती हीच तिसरी नळी. तो कागद पाकिटात जपून ठेवला जातो. रक्त द्यायची वेळ आली की क्रॉसमॅच होतो, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सिरम समोरासमोर आणतात. तिथे हा गट पकडला जायलाच हवा. पण जीव जाईल म्हणून क्रॉसमॅच न करता ओ निगेटिव्हची पिशवी लावली जाते, तेव्हा ही शेवटची चौकीही नसते.

(दृश्य: प्रसूतिपूर्व तपासणी, बाकावर बसलेल्या बाया)

बाळंतपणात हा विषय जास्तच गंभीर होतो. आरएच निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाळ ही जोडी बऱ्याच घरांत माहीत असते. प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईत मिसळतं, आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि पुढच्या खेपेला ती वारेतून पार होऊन बाळाच्या पेशी फोडतात. म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. १९६०च्या दशकात ते आल्यापासून कितीतरी मुलं वाचली.

बॉम्बे गटाच्या आईचं तसं नसतं. तिची एच-विरोधी प्रतिपिंडं बहुतांशी आयजीएम जातीची, आकाराने मोठी. ती वार ओलांडत नाहीत, त्यामुळे बाळ सहसा सुखरूप असतं. धोका असतो तो आईलाच. प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला, तर तिला चालणारी पिशवी त्या रक्तपेढीत बहुधा नसते. भारतात दर १०,००० माणसांमागे एक, असं या गटाचं प्रमाण साधारणपणे सांगतात. युरोपात १० लाखांमागे एक. रक्तस्राव सुरू झाल्यावर १०,००० माणसांत एक शोधायला कुणाकडे वेळ असतो?

म्हणून शोध आधीच घ्यावा लागतो, आणि सुरुवात घरातून. एच न बनवणारा सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा गट दिसतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता निदान चारात एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. अशा लग्नांत तोच दुर्मीळ जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

इथे एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी. आईच्या कागदावर ओ, वडिलांच्या ए, आणि मूल एबी. पुस्तकी नियमाने हे होऊच शकत नाही, आणि मग बाईकडे बोट दाखवलं जातं. पण आई बॉम्बे गटाची असेल आणि तिच्यात बी लपलेला असेल, तर वडिलांकडून मुलाला जोतं मिळतं आणि आईचा बी त्यावर उभा राहतो. मूल त्या दोघांचंच असतं. संशयाचा शब्द तोंडातून निघण्याआधी आईचं सिरम ओ पेशींबरोबर तपासा.

(दृश्य: रक्तपेढीचा शीतकपाट, ओळीने ठेवलेल्या पिशव्या)

साध्या साठवणीत तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवल्या, तर दहा वर्षांपर्यंत. पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. आपल्याकडे पुरुष तीन महिन्यांनी आणि बाई चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देऊ शकते. त्यामुळे या गटाचे दाते उगीच शिबिरात रक्त देत नाहीत. फोन येईपर्यंत थांबतात.

(दृश्य: केसपेपरवर लिहिणारा हात)

गरोदर बाईचा हा गट सातव्या महिन्यापर्यंत कळला, तर बराच वेळ हाती असतो. रक्त वाढवायच्या गोळ्या वेळेवर सुरू करता येतात. भावंडांना तपासणीला बोलावता येतं. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेकडे नमुना पाठवता येतो. आणि केसपेपरवर, रक्तगटाच्या रकान्यात, लाल शाईने ‘ओ’ खोडून ‘बॉम्बे’ लिहिता येतं. त्याखाली दोन दात्यांची नावं आणि त्यांचे फोन नंबर.