टेबलावर चालतं, शेडमध्येही चाललं पाहिजे

मित्रहो, उद्यमनगरातल्या कारखान्यात किंवा इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमध्ये मालकाला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रावर लक्ष ठेवणारी छोटी संगणक-चिप, नको असते. भट्टीचं तापमान दिसावं, पंप कोरडा चालू नये, मागाची मोजणी चुकू नये, एवढंच त्याला हवं असतं. पैसे तो त्याचेच देतो. म्हणून मायक्रोकंट्रोलर शिकायला सुरुवातही तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

ही चिप बसवलेला बोर्ड कुठला घ्यावा यावर मुलं महिनेच्या महिने घालवतात. आर्डुइनो उनो आर३ घ्या आणि कामाला लागा. त्यातल्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालू आकड्यांसाठी जेमतेम २ किलोबाइट रॅम असते, त्यामुळे जपून लिहायची सवय लागते. वाय-फाय लागेल तेव्हा ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड आहेच. फक्त तो ३.३ व्होल्टवर चालतो, ५ व्होल्टचा सिग्नल त्याला थेट देऊ नका. प्रोग्राम लिहायची सी भाषा सरावाने येते.

अवघड असतं ते पुढचं. मागाचा काउंटर घ्या. धोट्याची प्रत्येक फेरी मोजायची आणि लाइट गेली तरी आकडा राहिला पाहिजे. कामगाराची मजुरी त्यावर ठरते, त्यामुळे इथे ‘चालून जाईल’ म्हणता येत नाही. नवशिका प्रत्येक फेरीला आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहितो. टेबलावर झकास चालतं. पण त्या मेमरीच्या एका जागेची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. मिनिटाला १५० फेऱ्या धरल्या, तर ही हमी अकरा-साडेअकरा तासांत संपली! पहिल्याच दिवशी!

मग करायचं काय? आकडा रॅममध्ये वाढवत राहायचा आणि सप्लायच्या १२ व्होल्टवर नजर ठेवायची. तो घसरायला लागला की डिस्प्ले आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) लगेच बंद करायचे आणि आकडा ईईप्रॉममध्ये एकदाच लिहायचा. एक बाइट लिहायला साधारण साडेतीन मिलिसेकंद, म्हणजे आकड्याच्या चार बाइटना १४. तेवढा वेळ बोर्ड तगवायला थोडी वीज साठवून ठेवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सहसा पुरतो. तरीही प्लग पुन्हा पुन्हा उपसून बघा. मागमालक काही तुमचा हिशेब तपासणार नाही, त्याला सकाळी आकडा जागेवर दिसला पाहिजे.

दुसरं दुखणं कॉन्टॅक्टरचं, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचं. मोटर बंद झाली की बोर्ड आपोआप रीसेट होतो आणि मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. चूक बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते. कॉइल बंद होताना विजेचा झटका देते, तो शोषायला एसी कॉइलवर स्नबर लावा, डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा, बाहेरून येणारा सिग्नल ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घ्या आणि सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून ओढू नका. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा टायमर, चालू ठेवा, पण या सगळ्याऐवजी नव्हे.

ऑर्डर घ्यायच्या आधी मशीनजवळ उभे राहा आणि फिटरशी बोला. मालक काय हवं ते सांगतो, काय बिघडतं ते फिटरला ठाऊक असतं. दर ठरवताना नुसते पार्ट मोजू नका. शेडमधल्या फेऱ्या, चाचणी, जादा एक बोर्ड, सगळं धरा. निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले मशीनवर ठरलेले दिवस विनातक्रार चालल्यावर. आणि प्रोग्राम कुणाच्या मालकीचा राहणार, हे कोटेशनमध्येच लिहून टाका.