टुंग! : युलो महाशयांच्या सुट्टीतले आवाज

जेवणघराचं झुलतं दार. वेटर आत गेला, टुंग. बाहेर आला, टुंग. सेलोची तार छेडावी तसा हा आवाज चित्रपटभर आपली सोबत करतो.

चित्रपट आहे फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती यांचा, १९५३ सालचा, ‘ले वाकाँस द मस्यू युलो’. युलो महाशयांची सुट्टी. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, सँ-नाझेरजवळच्या सँ-मार्क-स्युर-मेर गावात १९५१ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण सुरू झालं. समुद्राला लागून असलेलं हॉटेल खरं, पण त्याचं प्रवेशद्वार चित्रपटापुरतं उभारलेलं.

आवाज तातींनी नंतर, एकेक निवडून चढवले. माणसांचं बोलणं मुद्दाम पुटपुटण्याइतकं ठेवलं आणि दार, चेंडू, युलोची फटफटणारी जुनी मोटार पुढे आणली. सुरुवातीलाच स्टेशनवरच्या कर्ण्यातून जे ऐकू येतं त्यातलं एक अक्षर कळत नाही. सामान घेतलेली सगळी मंडळी या फलाटावरून त्या फलाटावर धावत सुटतात. इथे भाषांतराची गरजच पडत नाही.

आता होडी रंगवण्याचा प्रसंग नीट बघा. लाट येते, रंगाचा डबा उचलून नेते आणि युलोचा ब्रश खाली जाईपर्यंत दुसऱ्या बाजूला आणून ठेवते. त्याला पत्ताच नाही. डबा आणि हात एकाच चौकटीत दिसले तरच ही गंमत उतरते. कॅमेरा जवळ नेला असता तर ती मेली असती. म्हणून ताती लांबून बघतात, आणि म्हणूनच मोबाईलच्या पडद्यावर निम्मी गंमत हातची जाते.

एक खबरदारी. तातींनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा कापला. १९७८ ची आवृत्ती ८८ मिनिटांची, मूळ त्याहून दहाएक मिनिटं मोठी. दुमडलेली होडी शार्कच्या जबड्यासारखी दिसते आणि किनाऱ्यावर पळापळ होते, ती पळापळ १९७८ ची भर आहे. १९५३ च्या प्रतीत ती शोधू नका.

आणि प्रेम? सुट्टीला आलेल्या मार्तीन या तरुणीसोबत वेषांतराच्या रात्री एक नाच. मोठ्यानं वाजणारी तबकडी, दोघांत जवळपास शब्दच नाहीत. बस, एवढंच, आणि मला ते पुरेसं वाटतं.

बायकोच्या मागे चालणारा एक म्हातारा आहे. ती शिंपला उचलून देते, तो हळूच फेकून देतो. निरोपाच्या वेळी बहुतेक पाहुणे युलोकडे पाठ फिरवतात. हा म्हातारा मात्र पुढे येऊन त्याचा हात हातात घेतो.