नाला पहाटे ओलांडायचा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की घराघरात हिमालयाचे बेत शिजायला लागतात. अलीकडे त्यातला एक बेत हमखास कानावर येतो, मनाली ते लेह सायकलने जायचा. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, कुठेही पहाटे रस्त्यावर पाहा, हेल्मेट घातलेली चार-सहा जणं जाताना दिसतात. मला फार बरं वाटतं. याच बेताबद्दल आज बोलायचंय. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ती लक्षात ठेवा : तिकडचा बेत किलोमीटर मोजून आखायचा नाही, घड्याळ बघून आखायचा.

रोहतांग खिंडीवरून जाणारा जुना रस्ता धरला तर अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. जळगावहून मुंबई गाठायची त्याहून थोडंसंच जास्त. पण आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आणि त्या वाटेवरची तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथे एका श्वासात आपल्या इथल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास प्राणवायू मिळतो. आणि प्रदेश म्हणाल तर वाळवंट. लेहला वर्षभरात पाऊस पडतो १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे कधी कधी एवढा एका रात्रीत पडून जातो. झाड नाही, सावली नाही, पिवळे, तपकिरी, जांभळे डोंगर आणि वर गडद निळं आभाळ. तांडी गाव सोडताना एक पाटी लागायची, पुढचा पेट्रोल पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलला पेट्रोल लागत नाही, पण पुढे किती ओसाड आहे ते त्या पाटीवरून कळतं.

आता घड्याळाचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही चौघं निघालो होतो. आमच्यात सगळ्यांत वडील नाना, त्यांचं गाव गिरणेच्या काठी. त्या दिवशी वाटेवरच्या जिस्पा गावाहून झिंगझिंगबारचा मुक्काम गाठायचा होता. कागदावर पस्तीसेक किलोमीटर. आम्ही म्हटलं, एवढं तर आपण एरंडोलला चहा प्यायला जातो! सावकाश उठलो, पराठे खाल्ले, निघायला साडेनऊ झाले. चढ लागला आणि दम कळला. तीन वाजता झिंगझिंगबारच्या अलीकडे एका नाल्यापाशी पोचलो, तर रस्ताच दिसेना. रस्त्यावरून गढूळ पाणी आडवं चाललेलं, आणि पाण्याखालून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते.

आभाळात ढग नव्हता. नाना म्हणाले, "वर कुठेतरी पाऊस झाला असेल, तासाभरात उतरेल." आपल्या गिरणेचा, वाघूरचा, पांझरेचा हिशोब तोच आहे ना. पाऊस थांबला की पूर ओसरतो. मी पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड खूण म्हणून ठेवला आणि बसलो. अर्ध्या तासात दगड पाण्याखाली गेला. ऊन लख्ख पडलेलं, आणि पाणी चढतंय!

आमच्यातल्या धाकट्याला धीर निघेना. बूट गळ्यात अडकवून त्याने सायकल पाण्यात घातली. चौथ्या पावलाला पुढचं चाक वाहत्या पाण्याने फिरवलं, सायकल आडवी झाली, तो गुडघ्यावर आला. तेवढ्यात मागून रस्त्याच्या कामावरचा एक माणूस धावला आणि पाठीवरच्या बॅगेला धरून त्याला ओढून काढलं. झारखंडचा, दुमक्याकडचा माणूस. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "भैया, अभी नहीं. ऊपर बरफ पिघल रहा है. सुबह आइए, सुबह पानी सो जाता है."

श्रोतेहो, हे वाक्य मी कधी विसरलो नाही. आपल्याकडे पूर पावसाने येतो, तिकडे पूर उन्हाने येतो. दिवसभर वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर नाला फुगतो, रात्री वर पुन्हा गोठतं आणि पहाटे पाणी सगळ्यांत कमी असतं.

आम्ही मागे फिरलो, खाली पत्सेओला. त्या झारखंडच्या माणसाच्या साथीदारांच्या तंबूत जागा मिळाली. डाळ-भात त्यांचा, केळीचे वेफर्स आमचे. त्यांच्यातला एक जण बराच वेळ एकच वेफर उजेडाशी धरून बघत बसला होता. आणि तेव्हा कळलं, आमच्या चौथ्या मित्राचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, संकोचाने तो बोलला नव्हता. त्या दिवशी वर पोचलो असतो तर रात्र आदल्या रात्रीपेक्षा हजार मीटर उंच काढावी लागली असती, तेही त्याच्या तसल्या डोक्यासकट. खाली आल्यावर त्याला रात्री झोप लागली, सकाळी डोकं हलकं.

पहाटे चारला निघालो. नाल्यापाशी पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाणी घोट्याएवढं, काचेसारखं नितळ. माझा पांढरा दगड होता तिथेच होता, पाण्यापासून हातभर लांब, आणि त्याच्यावर बर्फाची पातळ पापडी चढलेली. मी बोटाने दाबली, टचकन फुटली. सायकली खांद्यावर घेऊन पाच मिनिटांत पलीकडे!

म्हणून सांगतो, पहाटे निघा. नाला पहाटे ओलांडा. दुपारनंतर तिकडे समोरून वाराही अंगावर येतो, तेव्हा दोनच्या आत मुक्काम गाठा.

दुसरं, उंचीचं. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोज झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा तीनशे ते पाचशे मीटरहून जास्त उंच नको. दिवसा वर चढा, रात्री खाली झोपा. जिथे मुक्कामाची गावं लांब आहेत तिथे आधी एक दिवस जास्त थांबा. तरुण आहे, दम चांगला आहे, म्हणून उंची सोडत नाही, धडधाकट पोरंही आडवी होतात. डोकं दुखलं, मळमळलं तर सांगायचं, लपवायचं नाही. आणि उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, मित्राला नाही.

पाण्याचं आपल्याला कळतं, फक्त एक फरक. आपल्याकडे घाम दिसतो, शर्ट ओला होतो. तिकडच्या कोरड्या हवेत तो निघता निघता वाळतो. घाम दिसला नाही तरी पाणी प्या. दोन जादा ट्यूब, पंप, चेनची कडी जवळ हवीच, आणि मागचं मोठं दातेरी चक्र दुकानदाराकडून बसवून घ्या, घाटात त्याचा उपकार होतो.

सराव आपल्याच भागात करा. कन्नडचा घाट आहे, तोरणमाळचा आहे. खिशात दोन केळी, रावेर-यावलची. परत आल्यावर भरीत-भाकरी. आता विषय निघालाच आहे तर सांगतो, वांगं काड्यांवर भाजलेलंच हवं. गॅसवर भाजलं की तो धुराचा वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय भरीत मला तरी भरीत वाटत नाही. आमच्या घरी अजून अंगणात भाजतात.

मनाली-लेहचा रस्ता साधारण उन्हाळ्यात खुला होतो आणि थंडीच्या तोंडावर बंद होतो. म्हणजे सरावाला हिवाळा अख्खा हाताशी आहे. तोरणमाळला जाणार असाल तर आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम करा, आणि पहाटे निघा.

नमस्कार.